कव्हरावरची फुली

राव कुठलीही वस्तू हातात घेतली की ती आधी उलटी करून बघायचे. मग ती कपबशी असो, चप्पल असो, नाहीतर दुकानदाराने दिलेली पावती असो. पुढची बाजू दाखवायसाठीच केलेली असते, असं त्यांचं म्हणणं, आणि खोटं करणाऱ्याला मागच्या बाजूला मेहनत घ्यायचा कंटाळा येतो. त्यांच्या बायकोने तर साऱ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं की लग्नात मी घातलेली अंगठी ह्यांनी सगळ्यांसमोर काढली आणि आतला शिक्का बघूनच परत बोटात घातली.

रावांचा धंदाच संशयाचा होता. जुन्या मोटरसायकलींचे सुटे भाग ओळखून द्यायचे, एवढंच ते करत. एका कधीच्या बंद पडलेल्या कारखान्याची काळी, एका सिलिंडरची गाडी होती. आज ती ज्याच्या घरी आहे तो स्वतः आंघोळ करायच्या आधी तिला पुसतो. त्यातही पहिल्या खेपेच्या गाड्यांचा मान मोठा. तेव्हा कारखान्यात मोठी यंत्रं आलेली नव्हती. कव्हरं वाळूच्या साच्यात ओतायची, कानशीने साफ करायची आणि एकेक करून हाताने बसवायची. पुढे यंत्रं आली, भाग गुळगुळीत झाले, भराभर निघायला लागले, आणि पहिल्या खेपेचा माल दुरुस्तीत, अपघातात, भंगारात गडप झाला. जो उरला त्याच्यामागे शौकीन लागले, आणि शौकिनांच्या मागे नकली माल करणारे. गुळाला मुंगळे लागायचेच. म्हणून कुणी जुना भाग मिळाला म्हणून नाचायला लागला, की शहाणी माणसं त्याला सांगत, पेढे नंतर वाट, आधी रावांकडे जाऊन ये.

रावांकडे जायचं म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचं. तिथे एक लांब टेबल, त्याला जखडलेला, भाग घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, वरून लोंबणारा दिवा, आणि काच ओरखडू नये म्हणून मोज्यात घालून ठेवलेलं भिंग. राव भाग हातात घेऊन आधी त्याचा वास घेत. मग नखाने टिचकी मारून कान लावत. मग भिंगाखाली कोपरे, भोकं, आतल्या खाचा. आणलेला माणूस घाम पुसत सांगत असायचा की हा भाग माझ्या आजोबांच्या गाडीचा आहे, कधी कुणी हात लावलेला नाही. राव मान वर न करता विचारत, "कशावरून?" आजोबांची गाडी होती हे कशावरून, हात लावला नाही हे कशावरून, आणि फारच बोलला तर आजोबा होते हे तरी कशावरून. बाजारात त्यांना तोंडावर राव म्हणत आणि पाठ वळली की कशावरून म्हणत. हे रावांना ठाऊक होतं. ते नाव पहिल्यांदा कुणी काढलं असावं, ह्याबद्दल त्यांचा तिघांवर संशय होता.

त्यांची सगळ्यात पक्की कसोटी मापाची. ओतलेला धातू निवताना आकसतो. म्हणून कारखान्यातला साचेवाला साचा हिशेबाने जरा मोठा करतो, म्हणजे थंड झालेला भाग बरोबर मापाचा निघतो. नकली माल करणाऱ्याकडे तो साचा कुठून असणार? तो खरा भागच वाळूत दाबतो, त्या खळग्यात धातू ओततो आणि दुसरा काढतो. हा दुसरा दिसायला जुळा भाऊ, पण निवताना आकसल्यामुळे अंगाने किंचित लहान. नुसत्या डोळ्याला चकवतो, पण बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर लावला की पकडला जातो. भाग मापात लहान भरला, की राव पुढचं एक अक्षर ऐकत नसत.

मग फुली. छिन्नी तिरकी धरून हातोडीचा एक ठोका, आणि त्याला छेदून दुसरा. तपासायला दिला की निकाल मान्य, आणि खोटा निघाला तर फुली मारणार, हे शेडमध्ये पाऊल टाकायच्या आधीच ठरलेलं असे. फुलीचा माल बाजारात कुणी हातात धरत नसे. एका दातांच्या डॉक्टरांनी टाकीचं झाकण मोठ्या मिरवणुकीने आणलं होतं, सोबत चार मित्र घेऊन. रावांनी चौघांसमोर त्यावर फुली मारली. डॉक्टर त्या दिवसापासून रावांना पाण्यात पाहू लागले. बरेच जण फुलीचा भाग तिथेच टाकून निघून जात, आणि राव तो खिळ्याला टांगून ठेवत. कव्हरं, झाकणं, किका, दिव्याच्या कड्या; शेडची एक अख्खी भिंत खोट्यांची झाली होती. बायको म्हणायची, लोकांकडे भिंतीवर आईवडिलांचे फोटो असतात, आमच्याकडे चोरांचे नमुने आहेत.

त्या भिंतीसमोर रावांची स्वतःची गाडी उभी असे. पहिल्या खेपेची, आणि तिच्या नंबरावरून बघितलं तर त्यातलीही अगदी सुरुवातीची. भंगारातून नुसता सांगाडा आणि इंजिन आलं होतं. मुलगी रांगत होती तेव्हा रावांनी गाडीला पहिला नट लावला, आणि मुलगी नोकरीला लागली तरी गाडी पुरी व्हायची होती. एकच भाग मिळत नव्हता. गिअरबॉक्सचं बाहेरचं कव्हर. त्याच्या जागी नंतरच्या काळातलं गुळगुळीत कव्हर लावलेलं होतं, आणि चांगल्या कोटाला भलतंच बटण लावावं तसं ते रावांना रोज टोचायचं. गाडी पुसताना ते त्या बाजूला डोळे जाऊ देत नसत.

मुलीने लग्न ठरवलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. रावांनी लगेच तपास सुरू केला. तो ज्या इमारतीत काम करायचा तिथे जाऊन राव अर्धा दिवस लिफ्टमधून वरखाली करत राहिले. दार नीट लागतं का, मजल्याला बरोबर टेकते का, दचकते का. पिशव्या घेऊन ताटकळलेल्या बायकांनी त्यांचा उद्धार केला. पहारेकऱ्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं. माणूस वेळेवर येतो, कमी बोलतो, हात स्वच्छ करून पैसे घेतो. काहीच वावगं सापडलं नाही, आणि नेमकं तेच रावांना खटकलं. एखादा दोष सापडला असता तर त्यांना शांत झोप लागली असती. इतका सरळ माणूस असतो का कुठे, असं ते बायकोला विचारत राहिले. बायको म्हणाली, "असतो. तुम्ही त्याची मागची बाजू बघून आलात ना आता?"

लग्न झालं. दर रविवारी मुलगी आणि तिचा नवरा घरी येऊ लागले. राव त्याला जावई म्हणत नसत. घरात बोलताना तो लिफ्टवाला, आणि तोंडावर तर काहीच नाही; त्याच्याशी जे बोलायचं ते मुलीच्या मार्फत. त्याला विचार चहा घेणार का. त्याला सांग तिथे तेल सांडलंय. तो बिचारा जेवण झालं की शेडमध्ये येऊन उपड्या डब्यावर बसायचा, हातात मोबाइल, तोंडातून शब्द नाही. राव आपलं काम करता करता बडबडत असत. वाळूत ओतलेल्या कव्हराची आतली बाजू कशी असते, कानशीच्या खुणा कुठे राहतात, खोटं करणारा काय विसरतो. एकटे असले तरी ते हेच बडबडत, त्यामुळे ऐकणारा आहे की नाही ह्याची त्यांना पर्वा नव्हती. लिफ्टवाला ऐकत नाही ह्याची मात्र त्यांना खात्री होती. मग बसतो कशाला, हा प्रश्न उरायचाच. तो गेला की राव पाने जागच्या जागी आहेत ना ते बघून घेत.

अशाच एका रविवारी तो टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. मुलगी त्याच्या मागे, आणि तिचा चेहरा असा फुललेला, की शाळेत बक्षीस मिळालं तेव्हाही रावांनी तो तसा बघितला नव्हता. टेबलावर टॉवेल उलगडला. आत गिअरबॉक्सचं कव्हर होतं. वाळूत ओतलेलं, खरखरीत, राखाडी.

क्षणभर रावांना वाटलं, आलं. इतकी वर्षं वाट बघितली ते आलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःचाच राग आला, कारण असं ज्याला वाटतं तोच फसतो, हे ते आयुष्यभर लोकांना सांगत आले होते.

कुठून आणलं, ते मुलीनेच सांगितलं. एका जुन्या इमारतीत गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली आहे. तिथे वरच्या मजल्यावरच्या आजी पाखरांना पाणी ठेवतात, ते ह्यात. त्यांच्या नवऱ्याचं काहीबाही सामान होतं, त्यातलं. ह्याने ते बघून ओळखलं, आजींना स्टीलचं चांगलं पातेलं आणून दिलं आणि हे मागून घेतलं. "बाबा, तुमच्या गाडीसाठी," ती म्हणाली.

रावांनी मान हलवली. पाखरं, आजी, गच्ची. खोट्या मालाबरोबर अशी गोड गोष्ट नेहमीच येते, हे त्यांना पाठ होतं. खऱ्या मालाला गोष्ट लागत नाही, तो बहुतेक वेळा भंगारातून येतो आणि आणणाऱ्याला आपण काय आणलंय ते माहीतही नसतं. त्यात हे फुकट. फुकट म्हटल्यावर त्यांचे कान जास्तच टवकारले. कव्हराच्या आत पांढरा थर बसला होता. मिठाच्या पाण्यात बुडवून नवा माल जुना दाखवतात तेव्हा असाच थर येतो. स्क्रूची भोकं कडेला फार टेकलेली होती. कारखाना अशी भोकं पाडेल? मग त्यांनी व्हर्निअर लावला. आकडा बघितला. चष्मा पुसून व्हर्निअर पुन्हा लावला. दुसऱ्या बाजूने लावला.

"लहान आहे," राव म्हणाले. "खऱ्यावरून काढलेली नक्कल आहे."

शेडमध्ये कधी न बोलणारा तो माणूस तेव्हा बोलला. "बाबा, आतून बघा ना. कानशीच्या खुणा आहेत. तुम्हीच म्हणाला होतात, खोटं करणारा आतून कानस मारत नाही."

म्हणजे तो ऐकत होता. एरवी कुणाही सासऱ्याला ह्याचा आनंद झाला असता. रावांच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला तो भलत्याच बाजूने. इतके रविवार ह्याने डब्यावर बसून सगळ्या खुणा शिकून घेतल्या, आणि त्याबरहुकूम माल बनवून आणला. चोराच्या हातात चावी दिली ती आपणच. आपल्याला खूश करायला असेल, फसवून हसायला असेल, नाहीतर पुढच्या धंद्याची चाचणी असेल. ते मुलीकडे वळून म्हणाले, "त्याला विचार, कुणाकडून करून घेतलं."

मुलीचा चेहरा उतरला, आणि मग घट्ट झाला. "बाबा, नको असेल तर वापरू नका," ती म्हणाली. "ठेवून द्या, फेकून द्या. पण ह्याच्यावर फुली मारू नका."

"इथे आलेल्या मालाला नियम एकच," राव म्हणाले, आणि त्यांनी छिन्नी उचलली.

दोन ठोके पडले. तिच्या नवऱ्याने टॉवेलाची नीट घडी केली, बगलेत धरला, आणि दोघं स्वयंपाकघरात ठेवलेला चहा तसाच टाकून निघून गेली. कव्हर टेबलावर राहिलं. रावांनी ते खिळ्याला टांगलं.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मुलगी फोन करायची, पण आईला. तिने आईला स्वच्छ सांगितलं होतं. माझा नवरा काही म्हणत नाही, पण दर आठवड्याला त्याला तपासणीला आणायला मी तयार नाही. बाबांना त्याच्याशी काही बोलायचं असेल तर त्यांनी स्वतः येऊन बोलावं, माझ्या मार्फत नाही. नाहीतर आम्ही आमच्या घरी बरे. आईने हे रावांना जसंच्या तसं ऐकवलं आणि वर स्वतःची भर घातली, "त्या कव्हरावर नाही, तुम्ही पोरीच्या संसारावर फुली मारलीत."

राव अडून बसले. खोट्याला खोटं म्हटलं तर माझं चुकलं कुठे? माप काय खोटं बोलतं? पण संध्याकाळी शेडमध्ये गेले की तो उपडा डबा दिसायचा. राव कानशीच्या खुणांबद्दल बोलायला लागत आणि मध्येच थांबत. त्यांना मुलीची आठवण येत होती हे तर झालंच, पण त्या मुक्या माणसाचीही येत होती, आणि ह्याचा त्यांना फार राग यायचा.

जुन्या गाड्यांचा वार्षिक मेळावा जवळ आला. मोठ्या मैदानात शौकीन आपापल्या गाड्या आणून उभ्या करतात आणि दिवसभर एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. यंदा रावांनी आपली गाडी न्यायचं ठरवलं होतं. कव्हर नाही तर नाही, पण वय व्हायला लागलं होतं. चालवून बघितली तर गिअरबॉक्सच्या कव्हरातून तेल झिरपत होतं. म्हणजे पॅकिंग बदलायला हवं.

पॅकिंग म्हणजे दोन भागांच्या मध्ये बसणारा जाड कागद. राव ते विकत आणत नसत, स्वतः कापत. कापायची रीत सोपी आहे. कव्हर काढायचं, उघड्या पडलेल्या कडेवर कागद पसरायचा आणि छोट्या हातोडीने कडेकडेने हलके हलके ठोकत जायचं. खालच्या धातूची कड कागदावर उमटते, मग त्या रेघेवरून कापायचं. नंतरचं ते कव्हर त्यांनी एकदाच बसवलं होतं, तेव्हा मुलगी लहान होती आणि पॅकिंग तयार मिळालं होतं. ह्या कडेवर त्यांनी कागद आज पहिल्यांदाच ठोकला. त्यांनी तो उचलून दिव्याखाली धरला आणि ते थबकले.

रेघा दोन उमटल्या होत्या. एक बाहेरची, गिअरबॉक्सच्या कडेची. दुसरी तिच्या किंचित आत.

त्यांनी रॉकेलने कड धुतली. आतल्या बाजूला एक बारीक पायरी होती. ती त्यांनी पूर्वीही बघितली होती, आणि कुठल्यातरी आडदांड मेकॅनिकने कानस मारून ठेवली असं म्हणून त्या अनोळखी माणसाला शिव्याही दिल्या होत्या. पण कागदावर बघितलं तर आतली रेघ बाहेरच्या रेघेपासून चहूकडे सारखीच आत होती. वळणावर, कोपऱ्यात, भोकांच्या बाजूला, कुठेही कमीजास्त नाही. कानस मारणाऱ्या हाताला हे जमणार नाही. ह्या कडेवर वर्षानुवर्षं एक कव्हर घट्ट बसलं होतं, आणि ते मापाने लहान होतं. त्याच्या बाहेर उरलेली पट्टी उघडी राहून ऊनपाण्याने झिजली होती.

रावांनी भिंतीकडे बघितलं नाही. आधी त्यांनी बाकी सगळ्यांवर संशय घेऊन बघितला. लिफ्टवाल्याने शेडमध्ये शिरून ही पायरी पाडली असेल? पण पायरी तर तो ह्या घरात यायच्या कितीतरी आधीपासूनची. कागद ओला असेल? नवा कागद आणून पुन्हा ठोकला. दोन रेघा. चष्मा पुसला. दोन रेघा. संशय घ्यायला आता शेडमध्ये एकच माणूस उरला होता.

त्यांनी खिळ्यावरून ते कव्हर काढलं आणि कागदावर ठेवलं. आतल्या रेघेवर ते पुरतं बसलं. कडेला टेकलेली भोकं भोकांवर आली.

मग सगळंच उलगडलं. पहिल्या खेपेतही अगदी पहिल्या काही गाड्यांच्या वेळी, कारखान्यातल्या साचेवाल्यानेच घोटाळा केला असणार. धातू आकसतो हे विसरून त्याने साध्या पट्टीने साचा बनवला, आणि कव्हरं लहान निघाली. टाकून देण्यापेक्षा त्यांनी भोकं कडेला सरकवून तीच बसवली, आणि नंतर गुपचूप साचा बदलला. लहान भाग म्हणजे चोराचा भाग, ही रावांची आयुष्यभराची कसोटी. चूक करायची ती चोराने, कारखान्याने कधीच नाही, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. आणि तो पांढरा थर मिठाचा नव्हता. पाखरांच्या पाण्याचा होता. आजी होत्या, गच्ची होती, पातेलंही होतं.

दुर्मिळ म्हणून त्यांनी जे जन्मभर शोधलं त्याहून दुर्मिळ वस्तू एक माणूस टॉवेलात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवून गेला होता, आणि तिच्या ऐन दर्शनी बाजूवर त्यांची फुली होती. राव डब्यावर बसले. समोरच्या भिंतीवरून कव्हरं, झाकणं आणि कड्या त्यांच्याकडे बघत होत्या. ह्यातले किती भाग खरे असतील? त्यांना खरोखर भीती वाटली.

बायको हाक मारायला आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. दोन रेघा दाखवल्या. तिने कागद बघितला, कव्हर बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "मग माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "जिथे बोलायचं तिथे जाऊन बोला."

मुलीच्या इमारतीत राव लिफ्टने वर गेले. लिफ्ट कुठे दचकते का, हे बघायचं त्यांना सुचलंही नाही. दार तिच्या नवऱ्यानेच उघडलं. तो बाजूला झाला, पण या म्हणाला नाही. मुलगी आतल्या दारात येऊन उभी राहिली. राव तिच्याकडे वळले, सवयीने. मग स्वतःला सावरून त्याच्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही आणलेलं कव्हर खरं आहे."

त्याने शांतपणे विचारलं, "कशावरून?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. आयुष्यभर हा शब्द राव दुसऱ्याला विचारत आले, आणि तो अंगावर आला की कसं वाटतं ते त्यांना आज कळलं. आपण खरं बोलतोय हे ठाऊक असूनही चोरासारखं वाटतं. त्यांनी खिशातून कागद काढून पुढे केला. त्याने तो हातात घेतला, आणि आधी उलटा करून मागची बाजू बघितली. मग दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

"आधीचं कव्हर लहान होतं," तो म्हणाला.

"तेच असेल. नाहीतर त्याचा भाऊ असेल. माझं चुकलं. तुमच्या बाबतीत तर फारच चुकलं."

त्याने कागद परत दिला. "फुली घासून जाईल?"

"खोल मारलीय. घासली तर कव्हर जाईल, फुली राहील."

"मग काय करणार?"

"तशीच बसवणार. बाहेर दिसेल अशी." राव म्हणाले. "ती कव्हराची नाही, माझी आहे. लोकांना बघू दे."

मुलगी आत गेली. थोड्या वेळाने आतून कपांचा आवाज आला, तेव्हा राव चपला काढून खुर्चीवर टेकले. चहा आला तो त्यांनी बशी न उलटता प्यायला.

मेळाव्याच्या दिवशी रावांच्या गाडीभोवती गर्दी जमायला वेळ लागला नाही. दुसऱ्यांच्या मालाची चिरफाड करणाऱ्याची गाडी बघायला कुणाला आवडणार नाही? दातांचे डॉक्टर सगळ्यात पुढे. टाकी बघितली, दिवा बघितला, वाकून गिअरबॉक्सजवळ आले, आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांनी हातानेच मागच्या लोकांना जवळ बोलावलं.

"राव, ही फुली तुमचीच ना?"

"माझीच."

"म्हणजे स्वतःच्या गाडीला खोटं कव्हर लावून आलात?" लोक हसले.

"कव्हर खरं आहे," राव म्हणाले. "फुली खोटी आहे. आणि डॉक्टर, तुमचं ते झाकण अजून असेल तर पुन्हा घेऊन या. मला ते परत बघायचंय."

डॉक्टर ह्या उत्तराच्या तयारीत नव्हते. त्यांच्या तोंडून जे निघालं ते सगळ्या बाजाराच्या तोंडी बसलेलंच होतं. "कव्हर खरं, हे कशावरून?"

आता मैदानात बरेच कान रावांकडे लागले. रावांनी मागे वळून बघितलं. मुलगी आणि तिचा नवरा गर्दीच्या कडेला उभे होते. रावांनी हात करून त्याला पुढे घेतलं.

"हे आमचे जावई," ते म्हणाले. "कव्हर ह्यांनी ओळखलं, मी नाही ओळखलं. ह्यांना विचारा."

जावयाने सासऱ्याकडे एकदा निरखून बघितलं. ही आणखी एक परीक्षा तर नाही ना, अशी शंका त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती, आणि ती यायला सासऱ्यांनी जागा ठेवली होती हेही खरं. मग तो पँटचे गुडघे वर ओढून गाडीजवळ खाली बसला, कव्हराच्या कडेवर बोट ठेवलं आणि डॉक्टरांना म्हणाला, "इथे बघा. ही पट्टी उघडी दिसतेय ना?"

कव्हराखाली सावली पडत होती. रावांनी खिशातली बॅटरी काढली, त्याच्या बोटावर उजेड धरला, आणि त्याचं सांगून होईपर्यंत एकदाही मध्ये बोलले नाहीत.